लेबियाप्लास्टी करायची म्हणताय? आधी हे वाचा

मी स्त्रीरोग विभागात नर्स आहे. जखमा आणि टाके बघणं रोजचंच, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते.

लेबियाप्लास्टी म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेले आतले ओठ कापून लहान करण्याचं ऑपरेशन. हे आतले ओठ बाहेर दिसणं, एक बाजू मोठी असणं अगदी नॉर्मल आहे. फोटो बघून स्वतःला नावं ठेवू नका. घासून सोलवटत असेल, सायकलवर दुखत असेल, तर जरूर दाखवा. वय 18 च्या आत असेल तर थांबाच. वाढ चालू असते.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा: नुसती कड कापणार, की मधला त्रिकोणी तुकडा काढून जोडणार? संवेदना कमी झाली तर? टाके उसवले तर? टाळाटाळ केली तर दुसरे डॉक्टर गाठा. लेझरने योनीचं 'तारुण्य परत' वगैरे जाहिरातींपासून तर लांबच राहा. भाजण्याचा, व्रण राहण्याचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2018 मध्येच दिलाय.

ऑपरेशन साधारण तास-दोन तासांचं. खरी परीक्षा नंतर. सूज इतकी येते की बायका घाबरतात, 'होतं तेच बरं होतं' म्हणतात. कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावा. लघवी करताना बाटलीतून कोमट पाणी सोडत राहा, आग कमी होते. मग पुसू नका, टिपा. टाके आपोआप विरघळतात. खाज सुटली तरी ओढायचे नाहीत. संबंध, टॅम्पॉन, सायकल साधारण सहा आठवडे बंद (जोडीदाराला आधीच सांगून ठेवा!).

ताप, पू, वाढतं दुखणं किंवा पॅड भिजेल इतकं रक्त असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात या. आकाराचा निकाल मात्र तीन ते सहा महिन्यांनी.