पाच लिटर पाण्यात कार: डिटेल स्प्रेचे घरगुती प्रयोग

डिटेल स्प्रे मुळात मळलेली गाडी धुवायला बनलेला नाही. धुतलेल्या गाडीवर बसलेली हलकी धूळ, बोटांचे ठसे, पाण्याचे ताजे थेंब पुसायला तो असतो. त्यात बहुतांश पाणी, थोडं सौम्य सर्फॅक्टंट (मळ सोडवणारा साबणासारखा घटक), फडकं घसरावं म्हणून पॉलिमर आणि चमकेसाठी सिलिकॉन किंवा वॅक्स. रिन्सलेस वॉशचं, म्हणजे नंतर पाण्याने न धुता गाडी साफ करायच्या द्रावणाचं, तसं नाही. ते घट्ट द्रावण बकेटभर पाण्यात अगदी थोडं मिसळायचं असतं. त्यातलं पॉलिमर धुळीच्या कणाभोवती बसतं, कण रंगावर न घासता फडक्यात शिरतो आणि नंतर पाणी मारावं लागत नाही. पहिल्याकडून दुसऱ्याचं काम किती करून घेता येतं, हे पाहण्यासाठी हा सगळा खटाटोप. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पाइप लावून शे-दीडशे लिटर पाणी कारवर ओतण्यापेक्षा तो बरा.

आधी पाणी तपासा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार असतात. थेंब उडून गेला की ते पांढरं कडं करून रंगावर बसतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर त्यात मिठाची भर. एक साधी चाचणी आहे: काचेच्या तुकड्यावर घरच्या पाण्याचा एक थेंब, आरओच्या पाण्याचा एक आणि बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड वॉटरचा एक, असे तीन थेंब उन्हात वाळू द्या. ज्याचं कडं डोळ्यांना दिसतं ते पाणी बाटलीत भरायचं नाही. स्प्रे बाटलीला डिस्टिल्ड आणि बकेटीला आरओ, असं वाटून घेतलं की खर्च फार वाढत नाही. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी मात्र इथे चालत नाही. क्षार त्यातच एकवटलेले असतात. ते चाकं आणि मडगार्डच्या आतला चिखल काढायला वापरा.

आता मापं. बाजारातल्या बऱ्याच रिन्सलेस वॉशचं प्रमाण १:२५६ असतं, म्हणजे ४ लिटर पाण्याला साधारण १६ मिली. झाकणाने अंदाज घेऊ नका, मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा. प्रमाण दुप्पट केलं तर सफाई दुप्पट होत नाही, चिकट थर मात्र राहतो आणि संध्याकाळपर्यंत त्यावर नवी धूळ बसते. हाताने दाब भरून फवारायच्या दीड लिटरच्या पंपात त्याच प्रमाणात ६ मिली. तेच घट्ट द्रावण १:१६ ने, म्हणजे ३० मिली द्रावणात पाणी घालून अर्धा लिटर केलं, की घरच्या घरी डिटेल स्प्रे तयार होतो, आणि तयार बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. बाटलीवर वेगळं प्रमाण छापलं असेल तर तेच धरा.

पंप नवा घ्या. पऱ्हाटीवर (कपाशीवर) तणनाशक मारलेला पंप तीनदा धुतला तरी नळीत आणि वॉशरमध्ये औषध राहतं, आणि हे पाणी तुमच्या हातावर, तोंडावर उडणार आहे. कारचा पंप परत वावरातही नेऊ नका.

फडक्याला पर्याय नाही. जुना दुपट्टा, बनियन, पोछा, यातलं काहीही रंगाला लावायचं नाही. सुती विणीत धूळ आत शिरत नाही, वरच फिरते, आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे पडतात. ४० बाय ४० सेंटिमीटरचे, ३५० ते ४०० जीएसएमचे (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आठ मायक्रोफायबर टॉवेल लागतात: सहा पुसायला, दोन वाळवायला. दोनदा घडी घातली की एका टॉवेलला आठ बाजू मिळतात. अर्ध्या दाराला एक बाजू, मग पुढची. आठही बाजू संपल्या की तो टॉवेल बाजूला ठेवायचा, बकेटीत परत बुडवायचा नाही. बकेटीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहायला हवं, पाच लिटरात काम भागण्याचं कारण तेच आहे.

वेळ सकाळी सातच्या आतली. मे महिन्यात पारा ४५ पार जातो. तेव्हा दुपारी सावलीतलं बोनेटसुद्धा तापलेलं असतं आणि स्प्रे पुसण्याआधीच वाळतो. तळहाताची मागची बाजू पत्र्यावर निवांत टेकवता आली तरच सुरू करा. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर बोनेट सगळ्यात शेवटी.

काम वरून खाली करायचं: टप, काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग, डिकी, मग दारांचा खालचा भाग, आणि सगळ्यात शेवटी बंपर व चाकांमागची पट्टी. एका वेळी एकच भाग घ्या. पंपाने भिजवा, दोन मिनिटं थांबा (कडक उन्हाळ्यात एकच), वाळू लागलं तर पुन्हा मारा. बकेटीतला टॉवेल हलका पिळा, टपटप गळणार नाही आणि कोरडाही वाटणार नाही एवढा. तो एका दिशेने, फक्त स्वतःच्या वजनाने ओढा. गोल गोल फिरवू नका, दाबू नका. पहिल्या फेरीत डाग निघाला नाही तर जोर लावायचा नाही, पुन्हा भिजवून पुन्हा ओढायचं. नंतर ओलसर पत्र्यावर डिटेल स्प्रेचे दोन फवारे आणि कोरडा टॉवेल. स्प्रे खरा कामी येतो तो इथे: टॉवेल घसरतो, राहिलेले थेंब उचलले जातात, पाण्याचे डाग पडत नाहीत.

आता प्रयोग. बोनेटच्या मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी लावा. डाव्या बाजूला नुसता डिटेल स्प्रे: पत्र्यावर आठ-दहा फवारे, टॉवेलवर दोन. उजव्या बाजूला पंपाने भिजवणं आणि बकेटीतला टॉवेल. दोन्ही वाळल्यावर मोबाइलची टॉर्च तिरपी धरून पाहा. पुढच्या खेपेला तयार स्प्रे जसाच्या तसा, एकास एक आणि एकास तीन पाणी घालून तीन वेगळ्या दारांवर वापरा. टॉवेल कुठे अडखळतो ते हातालाच कळतं. अडखळला म्हणजे घसरण संपली, धूळ रंगावर घासली जाते आहे. तयार स्प्रे एकास एकच्या पुढे पातळ केला की धूळ उचलायला तो फारसा उपयोगी राहत नाही, वाळवताना चालतो. गाडीवर हात टाकायची भीती वाटत असेल तर जुनी सीडी घ्या, तिच्या चकचकीत बाजूवर घरची धूळ भुरभुरा आणि त्याच पद्धतीने पुसा. ओरखडे लगेच दिसतात. टॉवेलचा दर्जा तपासायलाही हीच सीडी.

नुसता स्प्रे कधी चालेल? मागच्या काचेवर बोटाने रेघ ओढा. (बोनेटवर नाही, ती रेघ रंगात कायमची राहते.) रेघ जेमतेम दिसली तर स्प्रे पुरेल. पाच पावलांवरून स्पष्ट दिसली तर बकेट काढा. बोटाच्या कडेला धुळीचा ढीग जमला तर दोन्ही विसरा, आधी साधं पाणी मारा.

पावसाळ्यात पांदणीतून आलेल्या गाडीला हे सगळं लागू नाही. काळी माती ओली असताना फुगते आणि चिकटते, वाळली की दगड होते. त्यात चुनखडीचे बारीक खडे असतात, रंगाला सॅंडपेपरच. हा गारा नखाने किंवा लाकडाने खरवडू नका. गडव्याने पाणी ओतून दहा मिनिटं मऊ होऊ द्या, मग पाइपाने वाहू द्या. गाडीचा वरचा भाग मात्र त्याच दिवशी रिन्सलेसने करता येतो.

सोयाबीन-तुरीच्या थ्रेशरजवळ उभ्या राहिलेल्या गाडीवर कुटाराचा (भुशाचा) थर असतो. तो ओला केला की चिकटतो, म्हणून आधी कोरडाच उडवा, टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरने दुरून. भंडारा-गोंदियाकडे भाताच्या तुसाबाबत जास्त सांभाळा, तुसात सिलिका असते आणि ती रंगापेक्षा कठीण. वणी, घुग्घुस, चंद्रपूर भागातली कोळशाची धूळ आणि राख यांनाही नुसता स्प्रे लावू नये. मोहाच्या झाडाखाली मार्च-एप्रिलमध्ये गाडी लावली तर फुलांचा गोड चिकट रस पडतो. त्यावर आणि पाखरांच्या विष्ठेवर ओला टॉवेल पाच मिनिटं नुसता ठेवून द्यायचा, मग अलगद उचलायचा.

पुसल्यावर धुरकट पट्टे दिसले तर स्प्रे जास्त झाला किंवा पत्रा गरम होता. आरओच्या पाण्यात पिळलेला टॉवेल एकदा फिरवा, मग कोरडा. काळ्या प्लॅस्टिकवर पांढरट उरलं तर तेच. पुढच्या काचेवर सिलिकॉनवाला स्प्रे गेला की पहिल्या पावसात वायपर करकरतो आणि रात्री समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, तेव्हा काचेला वेगळा टॉवेल आणि नुसतं रिन्सलेसचं पाणी. ब्रेक डिस्क, टायरचा रस्त्याला लागणारा भाग, मोटरसायकलचं सीट आणि मुठी यांवर डिटेल स्प्रे अजिबात नको, घसरण तिथे जिवावर बेतते. चमकेसाठी डिझेलचा बोळा फिरवायची सवय गावोगावी आहे. त्यावर धूळ लगेच चिकटते आणि रबर खराब होतं. भांड्यांचं लिंबाचं लिक्विड बकेटीत घालणंही तसंच चुकीचं: ते वॅक्स काढतं आणि पाण्याने धुतल्याशिवाय निघत नाही.

टॉवेल घरच्या कपड्यांत टाकू नका, सुताचे तंतू त्यात अडकतात. लिक्विड डिटर्जंटने वेगळे धुवा. पावडरचे न विरघळलेले कण विणीत राहतात आणि कम्फर्टसारख्या सॉफ्टनरने टॉवेल पाणी शोषेनासा होतो. वाळत घालायचे ते दोरीवर, कुंपणाच्या काट्यांवर नाही. गवतावर तर नाहीच: कुसळं मायक्रोफायबरमध्ये घुसली की बोटाने चाचपूनही सापडत नाहीत. पुसताना टॉवेल खाली पडला तर कितीही झटकला तरी तो आता चाकांचा.