नागपूरहून जर्मनीला मास्टर्सला जाताना: फाईल पहिले, बॅग मागून

ॲडमिशन लेटर आलं रे आलं की आपल्याकडे घरचे लोकं पहिले सीताबर्डीला जातात, मोठी बॅग आणायला. मग ती बॅग दोन महिने हॉलमध्ये पडून राहते अन येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याकडे पाहून सल्ला देते. बॅग दोन दिवसात भरते हो, फाईल नाही भरत. एक कागद अडला की त्याच्या मागचे सगळे अडतात. मी जर्मनीचंच सांगतो, कारण दरवर्षी ज्युनिअर पोट्टे मला तेच विचारून राहिले, बाकी देशांचे नियम वेगळे.

सुरुवात नावापासून करा. पासपोर्ट अन दहावी-बारावीची मार्कशीट शेजारी शेजारी ठेवा अन अक्षर अक्षर वाचा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिले, मग आपलं नाव, मग वडिलांचं, अन आईचं नाव वेगळं. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा, अन गिव्हन नेममध्ये कोणी नुसतं स्वतःचं नाव टाकलं असते, कोणी वडिलांचं धरून. आपल्याला हे एकच माणूस दिसते, पण तिकडच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला ते दोन वेगळे लोकं वाटू शकतात. त्यात स्पेलिंगचा घोळ असला, म्हणजे एका कागदावर डबल ई अन दुसऱ्यावर आय, तर आताच निस्तरा, पासपोर्ट दुरुस्त होत असेल तर दुरुस्त, नाहीतर निदान ॲफिडेव्हिट करून ठेवा. अन त्यानंतर एपीएस, बँक, व्हिसा, तिकीट, सगळीकडे पासपोर्टावर आहे तसंच नाव, त्यात आपलं डोकं लावायचं नाही.

एपीएस म्हणजे तुमचे मार्क अन डिग्री खरी आहे याचं सर्टिफिकेट, 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना स्टुडंट व्हिसासाठी ते लागतेच. फी 18,000 रुपये. बऱ्याच युनिव्हर्सिट्या तर ॲप्लिकेशन भरतानाच मागतात, म्हणून व्हिसाच्या वेळी पाहू म्हणून बसू नका. त्याच्यासोबत विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, पण अर्ज टाकून ठेवा, दोन-तीन कॉपी जास्तीच्या घ्या. पक्की डिग्री दीक्षांत समारंभानंतर मिळते, तोपर्यंत प्रोव्हिजनलवर काम चालते, पण ते पण मागावं लागते, कोणी घरी आणून देत नाही.

आता पैशाचं, जिथे घरात सगळ्यात जास्त गैरसमज असतात. जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्युशन फी नाही हे खरं आहे, फक्त सेमिस्टरची ठरावीक वर्गणी भरावी लागते. मोठा अपवाद म्हणजे बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य, तिथे युरोपियन युनियनबाहेरच्या पोरांकडून सेमिस्टरला 1,500 युरो घेतात. पण फी नाही म्हणजे पैसे लागत नाही असं नाही भाऊ. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. ही फी नाही, तुमचाच पैसा आहे, तिकडे गेल्यावर महिन्याला 992 युरो असा सुटत जाते. आकडा मधून मधून वाढवतात, म्हणून भरायच्या आधी दूतावासाच्या साईटवर पाहून घ्या, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

लोन काढायचं असेल तर ॲडमिशनची वाट न पाहता बँकेत विचारणा सुरू करा, कारण तारणाच्या लोनमध्ये खरा वेळ प्रॉपर्टीच्या कागदात जाते. मनीषनगरकडे बाबांनी कधीकाळी घेतलेला प्लॉट असते, रजिस्ट्री असते, पण बँकेचा वकील नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं लेटर, मागते अन तिथे गाडी अडते. ते लेटर कपाटात सापडत नसेल तर आजच शोधायला लागा. बँकेच्या एज्युकेशन लोनवर पाठवलेल्या पैशाला टीसीएस (बाहेर पैसे पाठवताना बँक आधीच कापते तो टॅक्स) नाही, स्वतःच्या खिशातून वर्षाला 10 लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर कापते, पण ते रिटर्न भरताना हिशोबात धरता येते, बुडत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या जाहिरातीवर नजर ठेवा, जातीचा अन उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

व्हिसाची फी 75 युरो, महाराष्ट्रातल्या लोकांचं काम मुंबईच्या कॉन्सुलेटकडे. रात्री दुरोंतोत बसलं की सकाळी सीएसएमटी, पण अपॉइंटमेंट सकाळची असेल तर एक दिवस आधीच जा, गाडी लेट झाली म्हणून तिकडे कोणी थांबत नाही.

रूम हा सगळ्यात बेकार विषय आहे. ॲडमिशन लेटर आलं त्याच दिवशी श्टुडिरेंडनवेर्कच्या (तिकडे विद्यार्थ्यांची होस्टेलं चालवणारी संस्था) होस्टेलला अर्ज टाका, वेटिंग लांबलचक असते. प्रायव्हेट रूम पाहताना एकच गोष्ट लक्षात ठेवा. मालक म्हणते मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट टाका, चावी कुरिअरने पाठवतो. हा फ्रॉड आहे, फोटो कितीही सुंदर असू द्या. महिना-दोन महिन्याचं टेम्पररी राहणं घ्या पण तिथे पत्ता रजिस्टर करता येते का हे लेखी विचारा, कारण गेल्यावर साधारण दोन आठवड्यात आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करावं लागते, त्याला घरमालकाचा सहीचा कागद पाहिजे, अन बँकेपासून पुढची बरीच कामं त्यावर चालतात.

आता बॅग. तीन लिटरचा कुकर, इंडक्शनवर चालणारा, सोबत दोन रबरी रिंगा अन एक जास्तीची शिट्टी. चष्म्याची एक जोडी जास्त. दात इकडेच दाखवून घ्या. गोळ्या असतील तर डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. थंडीच्या कपड्यांचा फार विचार करू नका, तिबेटी स्वेटरवाले आपल्याकडे थंडीत येतात अन तुम्ही निघणार सप्टेंबरात, थर्मल इथून घ्या, जॅकेट तिकडेच.

खाण्याचं मात्र आईला समोर बसवून समजावा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दूध अन मांसाचे पदार्थ नेता येत नाही, म्हणजे तुपाची बरणी इथेच, खव्याचे पेढे पण इथेच. ताजी फळं-भाजी सर्टिफिकेटशिवाय चालत नाही, केळं, नारळ, अननस, खजूर असे मोजके अपवाद सोडून, म्हणून संत्र्याची पिशवी अन ताजा कढीपत्ता दोन्ही बाद. वाळवलेला मसाला न्या. पण विमान दुबई, अबू धाबी किंवा शारजावरून असेल तर घरच्या सावजी मसाल्यात खसखस घालू नका बाप्पा, यूएईत खसखशीवर बंदी आहे, तिची केस ड्रग्जसारखी होते. वेगळी पुडी तर अजिबातच नाही.

तिकीट काढताना शनिवारी रात्री पोहोचणारं काढू नका. रविवारी तिकडे दुकानं बंद, साधं दूध मिळायची मारामार. तेच निघालं असेल तर दोन दिवसांचे ठेपले-चिवडा वरच्या बॅगेत.

निघायच्या आठवड्यात दोन कामं राहून जातात. एक, इकडचं सिम बंद करू नका, रोमिंग चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्यावरच येते. दुसरं, शिकायला बाहेर गेलं की नियमाने तुम्ही एनआरआय धरले जाता, तर सेव्हिंग खातं एनआरओ (एनआरआय लोकांचं इथलं रुपयातलं खातं) करून घ्यायचं बँकेत सांगून ठेवा. अन तिकडे पोहोचल्यावर रेडिओ-टीव्हीच्या नावाचं महिन्याला 18.36 युरोचं बिल आलं तर घाबरू नका, टीव्ही नसला तरी येते, पण ते घराला एकच असते, रूममेटसोबत वाटून घ्या.