फेंगशुईवाली हलकीफुलकी रहस्यकादंबरी कशी लिहायची (हाँगकाँगच्या श्रीमंत घरातली)

या प्रकारातलं मी बरंच लिहिलंय आणि दर वेळी कोणीतरी सांगतंच, लाफिंग बुद्धा टाका, तीन पायांचा बेडूक टाका, वातावरण आपोआप येतं. नाही येत. ते आपल्याकडच्या गिफ्ट शॉपमधलं सामान झालं. आणि वास्तुशास्त्रातली ईशान्य-नैर्ऋत्यसुद्धा तिकडे नेऊ नका, नियम वेगळे आहेत.

जागा: हाँगकाँगच घ्या, कारण तिथे फेंगशुई रस्त्यावरून दिसतं. बँक ऑफ चायनाचा धारदार कोपऱ्यांचा टॉवर १९९० मध्ये उभा राहिला आणि त्या कोपऱ्यांच्या अशुभ परिणामाला उत्तर म्हणून शेजारच्या एचएसबीसी बँकेच्या गच्चीवरच्या तोफेसारख्या क्रेन त्याच्यावरच रोखल्यात असं लोक अजून सांगतात.

गुन्हा: रक्त नको, मृत्युपत्र घ्या. नीना वाँग ही अब्जाधीश बाई २००७ मध्ये गेली, तिच्या फेंगशुई मास्टरने सगळी इस्टेट आपल्याला दिल्याचं मृत्युपत्र पुढे केलं, २०१० मध्ये कोर्टाने ते बनावट ठरवलं आणि २०१३ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. ती केस उचलू नका. फक्त एवढं घ्या की मास्टरला बेडरूमपर्यंत कुठेही जाता येतं आणि तो म्हणाला कपाट हलवा, तर कपाट हलतं.

पात्रं: म्हातारी मॅडम, मुलगा, सून, मास्टर, फिलिपिनो हेल्पर. पाच पुरे.

आता क्लू. इथे मी दोन कादंबऱ्या वाया घालवल्या. दोन्हीत मास्टर होकायंत्र फिरवून चोर ओळखायचा आणि वाचक चिडायचे, बरोबरच होतं त्यांचं. फेंगशुईने गुन्हा सोडवायचा नाही म्हणजे नाही! लोक त्यावर विश्वास ठेवून घरात जे करतात, त्यातून तो सुटला पाहिजे.

मग मी क्लूचे तीन तुकडे करायला लागले. मास्टरच्या होकायंत्राला लुओपान म्हणतात, त्यावर दिशांचे २४ भाग असतात, प्रत्येक १५ अंशांचा, म्हणजे थोडी चूक झाली तरी भाग बदलतो. पहिला तुकडा चहाच्या वेळी: मास्टर सुनेला तिची महागडी हँडबॅग लांब ठेवायला सांगतो, बॅगेच्या चुंबकाच्या बटणाने सुई हलते म्हणून, आणि ती सगळ्यांसमोर भडकते. वाचकाच्या लक्षात भांडण राहतं, चुंबक नाही. दुसरा, मास्टरच्या वहीत मागच्या वर्षीचं स्टडीरूमच्या दिशेचं माप. तिसरा, त्याच जागी आज आलेलं वेगळं माप, आणि मुलगा ओरडतोय की हा माणूस भोंदू आहे. खरं कारण, पॅनेलमागे नवी पोलादी तिजोरी बसवलीय आणि तिच्यामुळे सुई हललीय. ती रविवारी बसवली, कारण रविवारी हेल्परची सुट्टी असते, ती मैत्रिणींबरोबर सेंट्रल या हाँगकाँगच्या मध्यवर्ती भागात जाऊन बसते आणि घरात बघणारं कोणी नसतं.

तीन तुकडे एका चॅप्टरमध्ये कोंबलेत तर सगळं संपलं. मध्ये किमान तीन-तीन चॅप्टर जाऊ द्या आणि प्रत्येक तुकडा भांडणात, मानापमानात, हॅपी व्हॅलीच्या घोड्यांच्या रेसला कोण कोणाच्या बॉक्समध्ये बसलं असल्या चर्चेत दडवा. हाय सोसायटी कादंबरीत असते ती ह्यासाठीच, दागिन्यांच्या वर्णनांसाठी नाही. अशी वर्णनं पानपानभर लिहिली असतील तर कापा.

शेवट: मॅडमच्या जेवणाच्या गोल टेबलावर, सगळे हजर असताना.

मग फेंगशुईतलं काही न कळणाऱ्या एकाला दोन तृतीयांश भाग वाचायला द्या आणि हँडबॅगवरून भांडण का झालं होतं ते विचारा. ‘सून गर्विष्ठ आहे म्हणून’ असं उत्तर आलं तर क्लू नीट लपलाय, पुढे लिहा.