गिअर ऑइल गळतंय? आधी पुठ्ठा टाका

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा टाका. सकाळच्या डागाला गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइलच. नुसतं पाणी एसीचं, ते सोडा.

पुढची चाकं ओढणाऱ्या मॅन्युअल गाडीत माझा पहिला संशय ड्राइव्हशाफ्टच्या (गिअरबॉक्समधून चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या) ऑइल सीलवर, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यावर. पण आधी ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्सची हवा जायची नळी, साफ करा. तो चिखलानं बुजला की आत दाब वाढतो, मग नवं सीलही पाझरतं. पावसाळ्यानंतर हे नेहमीचंच. सील बदलताना शाफ्टवर चर पडलाय का, बोट फिरवून बघा.

ऑइल काढण्याआधी भरायचा नट सुटतोय ना, ते पाहा! तो अडकला तर गाडी तिथंच. ग्रेड गाडीच्या माहितीपुस्तकातलाच. तिथं जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) लिहिलं असताना दुकानदार जीएल-५ 'भारी' म्हणून गळ्यात मारतो. घेऊ नका, सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगा झिजू शकतात.