चिअरडान्स बसवायचा असेल तर आधी जागा मोजा

सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमासाठी किंवा शाळेच्या क्रीडादिनासाठी जे पहिल्यांदाच चिअरलीडिंगचे पथक बसवत आहेत, त्यांच्यासाठी ही तयारीची यादी आहे. तिची सुरुवात संगीताने किंवा पोशाखाने होत नाही. ज्या मंचावर मुली उभ्या राहणार आहेत त्याची लांबी, रुंदी आणि उंची स्वतः जाऊन टेपने मोजा. आयोजकांनी फोनवर सांगितलेला आकडा धरून चालू नका. मागच्या वर्षी मी तो धरला. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पार्किंगवरच्या मोकळ्या जागेत, सोळा मुलींनी आठ-आठच्या दोन ओळींत, चाळीस फुटांच्या रुंदीत दोन महिने सराव केला आणि वाशीच्या सभागृहातला मंच प्रत्यक्षात चोवीस फुटांचा निघाला. दोन्ही हात आडवे पसरले की एका मुलीला तिच्या उंचीइतकी, म्हणजे जवळजवळ पाच फूट जागा लागते. तिथे प्रत्येकीच्या वाट्याला तीन फूट आले. पहिल्याच आवर्तनात पॉमपॉम, म्हणजे हातातले झिरमिळ्यांचे गोंडे, एकमेकींच्या तोंडावर आदळले, टोकाच्या दोघी विंगेत ढकलल्या गेल्या आणि पुढचे काहीच जुळले नाही.

माप हाती आले की सरावाच्या जागेवर तेवढाच चौकोन मास्किंग टेपने आखा, मधली रेषाही आखा आणि त्याबाहेर पाऊल पडू देऊ नका.

यानंतर पालकांची बैठक घ्या. आपल्याकडे चिअरलीडिंग म्हटले की आयपीएलमधला सीमारेषेजवळचा नाच डोळ्यांसमोर येतो. 2008 सालचा पहिला अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच झाला होता, त्यामुळे या भागात ते चित्र अधिकच पक्के आहे. हा खेळ आहे, त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली आहे आणि मुलींना त्यासाठी ताकद व शिस्त लागते, हे शांतपणे समजावून सांगा आणि लेखी संमती घ्या. कोणाला दमा, जुनी दुखापत किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, तर तेही त्याच दिवशी विचारा.

चिअरडान्स करायचा की स्टंटसह, म्हणजे मुलींना उचलून वर उभे करण्याच्या कसरतींसह चिअरलीडिंग, हे पहिल्या आठवड्यातच ठरवा. चिअरडान्समध्ये पॉम, हिप हॉप, जॅझ अशा शैलींतून सगळ्यांच्या हालचालींतला एकसारखेपणा दिसावा लागतो आणि कोणाला खांद्यावर उभे करण्याची गरज नसते. हाताशी जाणकार प्रशिक्षक नसेल, तर चिअरडान्सच करा. यात कमीपणा काहीच नाही.

मूलभूत हालचालींना घाई करू नका. मूठ वळताना अंगठा बोटांच्या आत दडपलेला नको, बाहेरून बोटांवर टेकलेला हवा. आत राहिला तर धक्का बसताच तो दुखावतो. मनगट खाली पडले की हाय व्हीचा, म्हणजे इंग्रजी V सारख्या वर ताणलेल्या दोन्ही हातांचा, सुंदर कोन मोडतो आणि ते शेवटच्या रांगेतूनही दिसते. हात कानामागे न नेता किंचित पुढे, मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसतील असे ठेवायला सांगा. आमच्यातली सहावीतली एक मुलगी रोज लिफ्टच्या आरशासमोर उभी राहून मनगट सरळ करत असे आणि पंधरा दिवसांत तिचे हात सगळ्यांत स्वच्छ पडू लागले.

घोषणांचा सराव वेगळा घ्या. 2 नोव्हेंबर 1898 रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांसमोर उभे राहून त्यांच्याकडून घोषणा म्हणून घेतल्या, तिथून हा प्रकार सुरू झाल्याचे मानतात. म्हणजे आवाज हा याचा मूळ पाया आहे. घोषणा छोटी आणि मराठी असावी आणि ती घशातून न किंचाळता पोटातून यावी.

संगीत आठ मात्रांच्या आवर्तनांत मोजा. मिनिटाला 144 ठोक्यांची लय धरली तर अडीच मिनिटांत 360 ठोके, म्हणजे 45 आवर्तने होतात. कागदावर 45 ओळी आखून प्रत्येक ओळीत कोण कुठे जाणार ते लिहा, आणि हा कागद मंचाच्या खऱ्या मापावरच करा. माप नसेल तर तो कागद व्यर्थ आहे.

स्टंट असतील तर मॅटशिवाय एकही नको. जोडाच्या मॅट वापरत असाल, तर सांधे टेपने बंद करा, नाहीतर पाय फटीत जातो. बेसने, म्हणजे खालून उचलणाऱ्या मुलीने, पाठ न वाकवता गुडघ्यांतून उचलावे, फ्लायरने, म्हणजे वर उभ्या राहणाऱ्या मुलीने, अंग घट्ट आणि नजर समोर ठेवावी, आणि पडताना सावरायला मागे उभ्या असलेल्या स्पॉटरची नजर क्षणभरही फ्लायरच्या डोक्यावरून व मानेवरून हलू नये. मांडीवर उभे राहण्याचा स्टंट स्थिर झाल्याशिवाय खांद्यापर्यंत जाऊ नका. इथे पुन्हा तेच सांगते: उंची मोजा. बेसचा खांदा सव्वाचार फुटांवर आणि वर उभ्या मुलीची हात उंचावून सव्वासहा फूट, असे मिळून साडेदहा फूट होतात. क्लबहाऊसचा पंखा त्याच्या बराच खाली फिरत असतो. वाशीला दिव्यांची दांडी नेमकी त्याच उंचीवर होती, म्हणून आम्हाला मंचावर जाण्याच्या दहा मिनिटे आधी दोन्ही स्टंट रद्द करावे लागले आणि दोन महिने तोल सांभाळायला शिकलेली आमची फ्लायर पडद्यामागे रडत बसली.

पोशाख, पाणी, प्रथमोपचार पेटी हे सगळे ठेवालच. बांगड्या, कानातले, अंगठ्या, मनगटावरचे दोरे उतरवा, नखे कापा, केस घट्ट बांधा आणि बूट नवे नसावेत. गाणे दोन फोनमध्ये ठेवा. प्रत्येक जागेसाठी एक बदली मुलगी तयार असावी. ठाण्याहून वाशीला लोकलने जात असाल, तर मोजून डब्यात चढवा, मोजून उतरवा.

कार्यक्रमाच्या जागी पोहोचल्यावर मुली तयार होत असताना टेप घेऊन मंचावर जा आणि रुंदी, खोली, दिव्यांपर्यंतची उंची पुन्हा मोजा. आयोजक ऐनवेळी मागे फलक लावतात आणि त्यात चार फूट जातात.