शटर ओढण्याआधी कराचं एवढं आवरून घ्या

गाळ्याची किल्ली मालकाला परत दिली म्हणजे धंदा संपला, असं वाटतं. पण जीएसटी नंबर रद्द झाला तरी आधीच्या काळातलं देणं मिटत नाही. दुकान एकट्याच्या नावावर असेल तर दुकानाचं देणं ते तुमचंच. म्हणून आधी थकलेली रिटर्न भरा, विक्री शून्य असली तरी. धंदा थांबल्यापासून ३० दिवसांत नोंदणी रद्द करण्याचा अर्ज टाका. त्यात पुढच्या पत्रव्यवहाराचा पत्ता विचारतात; तिथं सोडलेल्या गाळ्याचा नको, घरचा लिहा. मोबाईल नि ईमेलही स्वतःचाच द्या, अकाउंटंटचा नको. नोटीस दुसऱ्याच्या मेलमध्ये पडून राहते आणि इकडे एकतर्फी आदेश निघतो.

शेल्फवरचा माल मोजून ठेवा. त्यावर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट, परत भरावं लागतं. १८ टक्क्यांचा २ लाखांचा माल उरला असेल तर किमान ३६ हजार बाजूला काढा. टेम्पोत घालून भावाच्या दुकानी पाठवलात तरी बिल कराच. नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न, जीएसटीआर-१०, भरायचं असतं. हेच बहुतेकांचं राहून जातं.

भागीदारी असेल तर इथं जरा थांबा. फर्मच्या जीएसटीला प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेसाठी जबाबदार असतो, आपल्या हिश्शापुरता नाही. स्टॅम्प पेपरवर निवृत्तीचा करार झाला, नोटरी झाली, कागद कपाटात गेला. पण जीएसटी आयुक्तांना महिन्याच्या आत लेखी कळवलं नाही, तर कळवण्याच्या दिवसापर्यंतची जबाबदारी बाहेर पडलेल्यावरही राहते. मनं दुखावलेल्या अवस्थेत हे सुचत नाही, हे मी जाणतो. तरी पत्र द्याच आणि पोच जपून ठेवा.

प्रायव्हेट लिमिटेड आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. कंपनीकडून वसुली झाली नाही, तर कर थकला त्या काळातल्या संचालकांकडे मागणी येते आणि आपला घोर हलगर्जीपणा नव्हता हे संचालकालाच सिद्ध करावं लागतं. राजीनाम्याची प्रत, बैठकांची इतिवृत्तं, ईमेल सांभाळा. वडिलांच्या पश्चात धंदा बंद केला असेल, तर वारसांची जबाबदारी वडिलांच्या मालमत्तेपुरतीच. ती मालमत्ता काय होती याची यादी करून ठेवा.

व्यवसाय कराची नोंदणीही रद्द करून घ्या. बिलं नि वह्या वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायच्या असतात. पत्र्याच्या पेटीत महिनावार गठ्ठे बांधा, टॅलीचा बॅकअप दोन जागी ठेवा. चालू खातं मात्र सगळ्यात शेवटी बंद करा, रिफंड त्यातच येतो.