कडक भाकरीचा धंदा: कर्जाआधी जोंधळा बघा

मैत्रिणींनो, धंद्याचं विचारायला आलेली बाई पहिल्यांदा कर्जाचं विचारते. मी म्हणते, आधी जोंधळा बघू. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाची खास ओळख म्हणून सरकारी शिक्का, मिळालंय. तिथली मालदांडी जातीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चच्या सुगीत थेट शेतकऱ्याकडून घ्या. पीठ मात्र लागेल तेवढंच, गल्लीतल्या चक्कीवरून. विरी गेलेल्या, म्हणजे शिळं होऊन चिकटपणा गेलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते.

कढत पाण्यात मळून पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग निखाऱ्याच्या धगीला चुलीच्या कडेला उभी करायची. मधोमध बोटानं दाबून बघा. जरा दबली तरी आत ओल आहे. मोडताना कडकन आवाज आला पाहिजे. पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका. माझी पहिली मोठी ऑर्डर बुरशी धरून परत आली, ती याच घाईमुळे. रात्रभर रडले होते.

आता हिशेबाचं. शंभर रुपयांच्या विक्रीतले किती सोलापुरातच राहतात ते वहीत लिहा: शेतकरी, चक्कीवाला, थापणाऱ्या बायका, स्टँडवर माल पोचवणारा रिक्षावाला. छापील पिशव्या बाहेरून स्वस्त पडतात, तरी मी इथल्याच छापखान्यातून घेते. तो दोनशेसुद्धा छापून देतो, अडचणीला पैशांसाठी थांबतो. सोलापूरच्या कापड गिरण्या बंद पडल्या तेव्हा एका भोंग्यामागे किती चुली विझल्या, ते शहराच्या आमच्या पूर्व भागानं पाहिलंय. माझी आई विड्या वळायची. आज माझ्याकडच्या पाचजणींपैकी दोघी विड्या सोडून आल्यात. म्हणून मला एक मोठा कारखाना नको, गल्लोगल्ली अशा चुली हव्यात.

एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी करा, नंबर पाकिटावर छापा. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅन कार्डावर ऑनलाइन होते, फुकट. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ही उद्यम नोंदणी माल उधारीवर देण्याआधीच करा. परगावच्या एका दुकानदारानं माझे पैसे चार महिने अडवले, तेव्हा माझ्याकडे ती नव्हती. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक रेट' नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम क्रमांक घाला आणि माल उतरवताना तारखेसह सही घ्या, दिवस तिथून मोजतात.